शून्यावर पालथी वाटी: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठीच्या एका गणित वर्गाबद्दल

माझी भाची खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत शिकली आणि गेल्या वर्षी बेळगावात जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेच्या पहिल्या वर्षाला लागली. दोन महिन्यांतच तिला द्रव-नोंदीच्या सरावाच्या तक्त्यावर लाल शेरा मिळाला. शिक्षिकेने इंग्रजीत ‘वन थाउजंड फिफ्टी’ असे सांगितले होते आणि हिने त्या १०५० मिलिलिटरचे १००५० केले होते. म्हणजे कागदावरच्या रुग्णाने एका दिवसात दहा लिटरांहून अधिक द्रव घेतला असा हिशेब झाला. त्या रात्री फोनवर ती रडवेल्या आवाजात म्हणाली, “मावशी, बेरीज बरोबर हाय की, मग चुकलं कुठं?” बेरीज खरोखरच बरोबर होती. चुकला होता तो एका शून्याचा खण, आणि बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेल्या मुलीला ही गोष्ट नव्याने शिकवावी लागेल हे मान्य करायला मला स्वतःलाच दोन दिवस लागले.

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ चालणाऱ्या एका छोट्या वर्गाची माहिती तिच्या वसतिगृहातील मुलींकडून मिळाली. हा वर्ग केवळ नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. सहा आठवडे, आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी दीड तास, अशा बारा तासिका आणि शुल्क २,४०० रुपये; सरावाच्या पुस्तकाचे १८० रुपये निराळे. मी एकतीस वर्षे वॉर्डात काम करून निवृत्त झाले आहे, त्यामुळे औषधाच्या मात्रेचे गणित कोण कसे शिकवतो याविषयी मला जरा जास्तच मते आहेत. वर्ग चालवणाऱ्या मॅडमची परवानगी घेऊन मी पाच तासिकांना मागच्या बाकावर बसले. पुढे लिहिलेले त्या पाच तासिकांवर आणि भाचीच्या वहीवर आधारलेले आहे.

पहिल्या तासिकेत शिकवणाऱ्या सरांनी औषधाचे नावही काढले नाही. फळ्यावर त्यांनी ‘पूर्ण संख्या’ एवढेच लिहिले आणि शून्यापासून सुरू होऊन एकेकाने वाढत जाणाऱ्या, अपूर्णांक किंवा उणे चिन्ह नसलेल्या संख्या, अशी साधी ओळख करून दिली. नंतर त्यांनी पाट्या वाटल्या, ज्यांच्यावर प्रत्येकी सहा खण आखलेले होते: एकक, दशक, शतक, हजार, दशहजार, लक्ष. मोजण्यासाठी खडे किंवा मणी नव्हते, तर इंजेक्शनच्या कुप्यांवरची रंगीत प्लास्टिकची टोपणे होती, स्वच्छ धुऊन डब्यात भरून ठेवलेली. एका खणात दहा टोपणे जमली की ती उचलायची आणि डावीकडच्या खणात एक ठेवायचे. हातचा म्हणजे काय, हे दुसरीत पाठ केलेले पण कधी डोळ्यांनी न पाहिलेले प्रकरण तिथे समोर घडत होते. मला सर्वांत आवडली ती मात्र रिकाम्या खणाची सोय. संख्येच्या ज्या खणात एकही टोपण नाही तो तसाच सोडायचा नाही, त्यावर एक लहान स्टीलची वाटी पालथी घालायची. ‘चार हजार सहा’ मांडायचे तर हजाराच्या खणात चार टोपणे, एककाच्या खणात सहा, आणि मधल्या दोन खणांवर दोन वाट्या. वाटी विसरणाऱ्याला सर पाटी उचलून हलवायला सांगत, म्हणजे टोपणे घरंगळून एकमेकांत मिसळत आणि ४००६ चे ४६ कधी झाले ते कळतही नसे. माझ्या भाचीने त्या दिवशी १०५० मांडताना दोन वाट्या घातल्या, एक शतकावर आणि एक एककावर, आणि मग बराच वेळ ती नुसती पाटीकडे पाहत राहिली. तिच्या १००५० मध्ये वाट्या तीन होत्या आणि एक खण जास्तीचा होता.

दर्शनी किंमत आणि स्थानिक किंमत हे शब्द आपण सगळ्यांनी शाळेत घोकलेले असतात. ६०० मधल्या सहाची दर्शनी किंमत सहा, स्थानिक किंमत सहाशे, हे परीक्षेत लिहून गुण मिळवलेले असतात. वॉर्डात त्याचा अर्थ एवढाच, की अंक तोच राहतो आणि रुग्णाच्या शरीरात जाणारी मात्रा दहापट किंवा शंभरपट होते. सरांनी यासाठी जी घटना सांगितली ती मला माहीत होती, तरी त्यांनी ती खणांच्या भाषेत मांडली हे विशेष. २००७ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयात नवजात जुळ्या बाळांना रक्त गोठू न देणारे हेपॅरिन दिले गेले. मिलिलिटरला १० युनिटची कुपी वापरायची होती, वापरली गेली १०,००० युनिटची. बाळे सुदैवाने वाचली. “दहा आणि दहा हजार यांत किती फरक आहे?” असे सरांनी विचारले तेव्हा एका मुलाने प्रामाणिकपणे ‘नऊ हजार नऊशे नव्वद’ असे वजाबाकी करून उत्तर दिले. सर हसले नाहीत. त्यांनी त्याला एकच टोपण घेऊन ते दशकाच्या खणातून तीन खण डावीकडे सरकवायला सांगितले.

आता वर्गाच्या खऱ्या गुणाकडे येते, आणि तो गुण बेळगावसारख्या ठिकाणीच इतका मोलाचा ठरतो. आमच्याकडच्या मुलांची अडचण गणिताची फार थोडी आणि कानाची फार असते. घरी मराठी, बाजारात मराठी आणि कन्नड दोन्ही, कॉलेजात इंग्रजी, आणि रुग्णाचे नातेवाईक ज्या भाषेत बोलतील त्या भाषेत उत्तर. मराठीत आपण २५ ला पंचवीस म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर. कन्नडमध्ये त्यालाच ‘इप्पत्तैदु’ म्हणतात, म्हणजे वीस आधी आणि पाच नंतर, अगदी इंग्रजीसारखे. बावन्न म्हणताना मराठी जिभेवर दोन आधी येतो, कन्नड ‘ऐवत्तेरडु’मध्ये पन्नास आधी येतात. एकोणसाठ ऐकल्यावर तर साठ कानात राहतात आणि एक वजा करायचे मनातच राहून जाते. त्यामुळे मराठी माध्यमाचे मूल इंग्रजीत ऐकलेली संख्या मनात मराठीत वळवते, मराठीत वळवताना अंकांची जागा बदलते, आणि कागदावर ५२ चे २५ उतरते. हे मी वॉर्डात शेकडो वेळा पाहिले होते, पण त्याचे कारण असे मांडून दाखवलेले मी प्रथमच ऐकले.

महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला होता, आणि मीही घरात बसून त्या पद्धतीची भरपूर टिंगल केली होती. या वर्गात कन्नड माध्यमातून आलेल्या तीन मुली होत्या. इंग्रजी आकडे ऐकून लिहिण्यात त्या आमच्या मराठी मुलांपेक्षा स्पष्टपणे वेगवान होत्या. माझी टिंगल मी अजून पूर्ण मागे घेतलेली नाही, कारण त्रेपन्न आणि सदुसष्ट हे शब्द मला प्रिय आहेत, पण ती आता पूर्वीच्या जोरात करता येत नाही.

यावर सरांचा उपाय म्हणजे श्रुतलेखन. प्रत्येक तासिकेची पहिली पंधरा मिनिटे फक्त आकडे सांगायचे: कधी मराठीत, कधी इंग्रजीत, कधी त्यांच्या मोडक्या कन्नडात. विद्यार्थ्याने ती संख्या इंग्रजी अंकांत लिहायची आणि मग एकेक अंक सुटा करून मोठ्याने परत वाचायची. ‘फिफ्टीन’ ऐकले तर ‘वन फाइव्ह’ म्हणायचे, ‘फिफ्टी’ ऐकले तर ‘फाइव्ह झीरो’ म्हणायचे. तोंडी सूचना अशी परत वाचून दाखवणे ही जगभरच्या रुग्णालयांची रीत आहे आणि ती मला माझ्या पहिल्या वरिष्ठ सिस्टरनी ओरडून ओरडून शिकवली होती. एकदा रात्रपाळीला फोनवर सांगितलेली मात्रा मी पन्नास अशी ऐकली होती. ‘फाइव्ह झीरो’ असे परत म्हटल्यावर पलीकडून झोपेतला डॉक्टर एकदम जागा झाला आणि ‘वन फाइव्ह, वन फाइव्ह’ असे म्हणाला. त्या रात्रीनंतर मी कधीही कंटाळा केला नाही. वर्गात हा सराव खेळासारखा होतो, त्यामुळे सहाव्या आठवड्यापर्यंत मुले तो आपोआप करू लागतात. भाची आता घरी दूधवाल्याचा हिशेबही ‘वन फोर झीरो’ असा परत वाचते, आणि दूधवाला आमच्याकडे संशयाने पाहतो.

लिहिलेल्या अंकांवरही एक तासिका होती. घरची दुधाची वही आणि भिंतीवरची दिनदर्शिका मराठी अंकांत असते. मराठी एक पटकन लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि मराठी चार म्हणजे वरून उघडा राहिलेला इंग्रजी आठच. सरांनी एका मुलाच्या वहीतील पान सगळ्यांना दाखवले, त्यात त्याने सवयीने मराठी एक लिहिला होता आणि शेजारच्या मुलीने तो नऊ म्हणून वाचला. नाडीचे ठोके एकोणनव्वद की एकोणऐंशी, हा गोंधळ बोलण्यातला. हा मात्र केवळ हाताच्या वळणाचा. याच तासिकेत युनिटसाठीचे इंग्रजी अक्षर एकटे लिहू नये, पूर्ण शब्द लिहावा, हेही सांगितले, कारण आकड्याला चिकटून लिहिलेले ते अक्षर वरून मिटले की शून्य होते आणि १० युनिट इन्सुलिनचे १०० होतात. पूर्ण संख्येपुढे दशांश चिन्ह आणि शून्य लावू नये, म्हणजे ५ ला ५.० असे लिहू नये, कारण तो ठिपका पुसट झाला की ५० उरतात, हेही त्याच ओघात आले. दोन्ही नियम जुने आणि पक्के आहेत. पण ‘शून्य हे खण धरून ठेवते’ हे आधी हाताने करून झालेले असल्यामुळे मुलांना ते नियम न वाटता कारण वाटले.

आता तक्रारीकडे वळते, आणि सर्वांत मोठी तक्रार त्या १८० रुपयांच्या सरावपुस्तकाची. ते या वर्गाने तयार केलेले नाही, बाहेरून आणलेले आहे, आणि ते ज्याने कोणी जुळवले त्याने परदेशी पुस्तकातील उदाहरणे जशीच्या तशी उचललेली दिसतात. संपूर्ण पुस्तकात लाख हा शब्द नाही. सगळीकडे तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम आणि हजारानंतर थेट मिलियन. आपल्याकडे मुले लहानपणापासून १,५०,००० असे लिहितात. पुस्तकात ते १५०,००० असे येते. संख्या तीच, स्वल्पविराम निराळा, आणि आपल्या सवयीचा डोळा तो स्वल्पविराम पाहूनच संख्या वाचतो.

हा प्रश्न पुस्तकापुरता नाही, म्हणून इथे थोडे थांबते. डेंग्यूच्या दिवसांत आमच्या भागातील प्रत्येक घरात प्लेटलेट हा शब्द पोहोचतो. एका मायक्रोलिटरमध्ये साधारण १,५०,००० ते ४,५०,००० प्लेटलेट असणे सामान्य मानतात. एक प्रयोगशाळा अहवालात ‘१.५ लाख’ असे छापते, दुसरी १५०००० असे स्वल्पविरामाशिवाय, तिसरी नुसते १५० छापून शेजारी बारीक अक्षरांत ‘गुणिले दहाचा तिसरा घात’ असे चिन्ह देते. नातेवाईक १५० पाहून हादरतात आणि ड्यूटीवरच्या पहिल्या वर्षाच्या मुलीला विचारतात. तिला जर दीडशे हजार म्हणजेच दीड लाख हे तिथल्या तिथे सांगता आले नाही, तर तिचा पांढरा गणवेश काही उपयोगाचा नाही. उलट टोकाची चूक अधिक धोक्याची: १५,००० आणि १,५०,००० यांत एका शून्याचा फरक आहे, आणि पहिल्या आकड्यावर डॉक्टरांना तातडीने कळवायचे असते.

पेनिसिलिनच्या बाबतीतही तेच. बेंझाथिन पेनिसिलिनच्या कुपीवर आपल्याकडे १२ लाख युनिट असे म्हणण्याची रीत आहे. इंग्रजी पाठ्यपुस्तकात तेच १.२ मिलियन असते. दहा लाखांचा एक मिलियन होतो, म्हणून १२ लाख म्हणजे १.२ मिलियन. घाईत कोणी बाराला बाराच धरून मिलियन जोडले तर मात्रा दहापट होते. ज्या वर्गात खणांची पाटी इतकी विचारपूर्वक केली आहे, त्याच वर्गाच्या पुस्तकात लाख आणि मिलियन यांचा मेळ घालणारे एकही उदाहरण नसावे, याचे मला आश्चर्य वाटले. सरांनी एका तासिकेत हे फळ्यावर करून घेतले, पण जी मुले त्या दिवशी गैरहजर होती त्यांच्या हाती काहीच उरले नाही. शिवाय उत्तरांच्या पानावर ३०,४०५ ची विस्तारित मांडणी ३०,००० अधिक ४,००० अधिक ५ अशी छापली आहे. स्थानिक किंमत शिकवणाऱ्या पुस्तकात चारशेचे चार हजार व्हावेत हा विनोद फार महागडा आहे. सरांनी सर्वांना पेन्सिलीने दुरुस्ती करायला लावली, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे.

दुसरी तक्रार गर्दीची. वीस जणांच्या खोलीत चौतीस जण होते, आणि पाट्या होत्या चोवीस. वाट्यांची तर कायम ओढाताण. मागच्या बाकावरच्या मुलांना पाटी मिळेपर्यंत पुढचे उदाहरण सुरू झालेले असे. कन्नड माध्यमाच्या त्या तीन मुलींकडे लक्ष कमी गेले, हेही नोंदवले पाहिजे. सर स्पष्टीकरण मराठीत करतात, मध्येमध्ये इंग्रजी घालतात, आणि त्यांचे विनोद पूर्ण मराठी असतात. ‘लक्षाच्या खणात लक्ष द्या’ यावर सगळा वर्ग हसतो आणि त्या तिघी एकमेकींकडे पाहतात. कन्नड शाळेत एककाला ‘बिडि’ म्हणतात, पुढे हत्तु, नूरु, साविर. पाटीवर मराठी नावांखाली हे चार शब्द खडूने लिहायला दोन मिनिटे पुरली असती. मी मॅडमना तसे सुचवले आणि त्यांनी ते लगेच वहीत टिपून घेतले.

शेवटच्या दोन तासिका अक्षरशः पळाल्या. सलाइनच्या थेंबांचा हिशेब हा विद्यार्थ्यांना सर्वांत हवा असलेला भाग, आणि तो एका तासिकेत उरकला. १,००० मिलिलिटर आठ तासांत द्यायचे तर तासाला १२५. सलाइनच्या नळीचा संच मिलिलिटरला २० थेंबांचा असेल तर मिनिटाला ४१.६७, म्हणजे ४२ थेंब, कारण पाऊण थेंब मोजता येत नाही आणि उत्तर पूर्ण संख्येतच हवे. एवढे उदाहरण नीट झाले. ६० थेंबांच्या संचाचे गृहपाठ म्हणून दिले आणि ते तपासलेच गेले नाही. इन्सुलिनची ४० युनिटची आणि १०० युनिटची सिरिंज, लाल आणि केशरी टोपणांची, प्रत्यक्ष हातात देऊन दाखवायला हवी होती. केवळ तोंडी सांगून झाले. मुलांनी कॅल्क्युलेटर वापरायचा नाही, असा नियम आहे आणि काही पालकांना तो जुनाट वाटतो. मला तो या टप्प्यावर योग्य वाटतो, कारण १०५० च्या जागी १००५० दाबले तर यंत्र बिनतक्रार बरोबर बेरीज करून देते. त्याऐवजी आधी अंदाज सांगायची सवय सरांनी लावली आहे: ३८५, २१० आणि ९५ यांची बेरीज करण्याआधी ‘सातशेच्या आसपास’ असे म्हणायचे आणि मगच ६९० लिहायचे. उत्तर १,५४५ आले, म्हणजे ९५ एक खण डावीकडे सरकून ९५० झाले, हे न सांगता समजते.

आता पैशांचे. एका तासिकेला दोनशे रुपये पडतात. वसतिगृहाचे, मेसचे आणि गणवेशाचे पैसे भरून थकलेल्या आमच्या भागातील पालकांना ही रक्कम लहान नाही. पहिल्या आठ तासिकांसाठी मी ती पुन्हा आनंदाने देईन. शेवटच्या चारांसाठी अर्धीच देईन. सरावपुस्तक घेऊ नये. फळ्यावरची उदाहरणे वहीत उतरवावीत आणि घरातल्या जुन्या रक्त तपासणीच्या अहवालांवर संख्यावाचन करावे, त्यात लाखही येतात आणि हजारही. खानापूर आणि निपाणीकडच्या मुलांनी संध्याकाळची तुकडी घेण्याआधी परतीच्या बसची वेळ पाहावी, कारण वर्ग वेळेवर सुटत नाही. पाटी हवी असेल तर पहिल्या दोन बाकांवर बसावे, आणि जाताना घरून दोन लहान वाट्या सोबत न्याव्यात.